पटिंग शिकताना आधी अंतर, मग दिशा

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यातले आहेत. वय ४२, गोल्फ सुरू करून आठ महिने झाले आहेत. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) आता बऱ्यापैकी लागतो, आयर्नचे (मधल्या अंतराच्या काठ्यांचे) फटकेही अधूनमधून मनासारखे जातात. मात्र ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाऊल ठेवले की केलेल्या कामावर पाणी पडते. गेल्या फेरीत त्यांनी मोजून पाहिले तेव्हा एकूण १०८ फटक्यांपैकी ४३ पट, म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे लोटण्याचे फटके, निघाले, आणि १८ पैकी ८ होलवर त्यांना तीन-तीन पट लागले. सोबतचे खेळाडू पटर, म्हणजे पट मारायची काठी, बदलण्याचा सल्ला देत आहेत. त्यांचे प्रश्न तीन आहेत : पटिंग शिकण्याची सुरुवात नेमकी कुठून करावी, ग्रीनचा उतार कसा ओळखावा, आणि नवा पटर घ्यावा का?

मी गेली बावीस वर्षे नवशिक्यांना गोल्फ शिकवतो आहे, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न मला नवे नाहीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आत्ता घेऊ नका’ असे आहे. त्याची कारणे ओघाने येतील. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर हवे.

आधी आकड्यांकडे पाहू. गोल्फमध्ये पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, ठरवताना प्रत्येक होलसाठी दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे पार ७२ च्या कोर्सवर निम्मे, ३६ फटके, पटरचे असतात. तुमचे ४३ पट म्हणजे त्या हिशेबापेक्षा सातच जास्त. आठ थ्री-पटांपैकी पाच जरी टू-पट झाले असते, तरी तुमची फेरी १०३ वर संपली असती. ड्रायव्हर वीस यार्ड लांब मारायला शिकून तेवढे फटके वाचवायचे तर कदाचित वर्ष लागेल. ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावरून आली होती, फटक्याच्या लांबीत ती स्पर्धेतल्या जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती, आणि तरीही ती चौथी आली. पदक केवळ एका फटक्याने हुकले. चार दिवस तिला वर ठेवले ते तिच्या पटिंगने.

आता मुख्य मुद्दा. नवशिक्या खेळाडू ग्रीनवर पोहोचला की त्याचे सगळे लक्ष दिशेवर असते. तो बॉलमागे उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो, बॉलवरची रेघ होलच्या दिशेला लावतो, पुन्हा उठून पाहतो, आणि एवढे सगळे करून ३० फुटांचा पट सात फूट अलीकडे सोडतो. दिशा बहुधा ठीक असते. थ्री-पट होतो तो अंतरामुळे.

हे गणिताने पडताळून पाहता येते. समजा, ३० फुटांच्या पटात तुमची दिशा ३ अंशांनी चुकली. ३ अंश ही पटिंगमध्ये ढोबळ चूक आहे, तरीही बॉल होलपासून साधारण दीड फूट बाजूला थांबेल आणि पुढचा पट सोपा राहील. आता दिशा अचूक आहे, पण जोर पाव हिश्श्याने चुकला, असे समजा. बॉल साडेसात फूट अलीकडे किंवा पलीकडे राहील. आठ फुटांवरून अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूही साधारण निम्मेच पट घालतात, मग तुमच्या-माझ्यासारख्यांची काय कथा. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी या टूरवरच्या लाखो फटक्यांच्या नोंदींचा अभ्यास केला आणि त्यांच्या पद्धतीवर आधारलेला पटिंगचा निकष टूरने २०११ पासून अधिकृतपणे वापरायला घेतला. त्या आकडेवारीनुसार २० फुटांवरून व्यावसायिक खेळाडू सातांतला एखादाच पट एका फटक्यात घालतो, आणि ३३ फुटांच्या आसपास त्याचे वन-पट आणि थ्री-पट सारखेच होतात. म्हणजे लांबून बॉल होलमध्ये पडणे हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसाठीही नशिबाचा भाग आहे. बॉल होलजवळ थांबवणे मात्र कौशल्याचा.

मला हे पुस्तकातून उमगले नाही. मी खेळायला शिकलो तो लष्करी छावणीतला नऊ होलचा कोर्स होता आणि तिथे हिरवे ग्रीन नव्हतेच. पाण्याची टंचाई असलेल्या भागांत पूर्वी ग्रीनऐवजी ‘ब्राऊन’ असत : तेल मिसळलेली वाळू दाबून केलेला गोल, सपाट चौथरा. प्रत्येक गटाचे पटिंग झाले की मागे उमटलेली पावले पोत्याचे ओझे ओढून पुसायची, हा तिथला शिरस्ता होता. ब्राऊनवर उतार जवळजवळ नसे, त्यामुळे बॉल वळण्याचा प्रश्नच येत नसे. सगळा खेळ जोराचा. पुढे हिरव्या ग्रीनवर आलो तेव्हा मला बॉल कुठे वळतो हे अजिबात कळत नव्हते, पण थ्री-पट मात्र माझ्याबरोबरच्या मुलांपेक्षा कमी होत. त्या अपुऱ्या शिक्षणाचा हा फायदा मला पुष्कळ वर्षांनी समजला, आणि तेव्हापासून मी नव्या विद्यार्थ्याला पहिले दोन आठवडे होलकडे पट मारूच देत नाही.

त्याऐवजी काय करायचे, ते सांगतो. प्रॅक्टिस ग्रीनवर रिकाम्या जागी चार बॉल घेऊन उभे राहा. पहिला बॉल कुठेही मारा, अंदाजे १५ फूट. दुसरा त्याच्या एक-दोन फूट पुढे थांबला पाहिजे, तिसरा दुसऱ्याच्या पुढे, चौथा तिसऱ्याच्या पुढे. पण कोणत्याही दोन बॉलमध्ये तीन फुटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. मग उलट दिशेने, प्रत्येक बॉल आधीच्यापेक्षा थोडा अलीकडे. हा खेळ वाटतो तितका सोपा नाही, आणि त्यात होल नसल्यामुळे ‘गेला’ किंवा ‘चुकला’ असा निकालही नसतो. शरीर फक्त जोर आणि अंतर यांची सांगड घालत राहते. दुसरा सराव असा की ३० फुटांवरून बॉलकडे न पाहता होलकडे पाहत पट मारायचा. लहान मुलाकडे चेंडू टाकताना आपण स्वतःच्या हाताकडे पाहत नाही, मुलाकडे पाहतो, आणि हात आपोआप बेताने चालतो. पहिले पाच-सहा पट विचित्र लागतील, पण नंतर अंतर कसे सुधारते ते तुम्हीच पाहाल. तिसरी गोष्ट म्हणजे डोळे मिटून पट मारायचा, आणि डोळे उघडण्यापूर्वी बॉल अलीकडे राहिला, पुढे गेला की बरोबर थांबला, ते मोठ्याने सांगायचे. तुमचे सांगणे बरोबर येऊ लागले, की हाताला जोर कळू लागला असे समजावे.

जोर येतो कुठून, हा पुढचा प्रश्न. पटिंगमध्ये जोर मनगटाच्या झटक्याने द्यायचा नसतो. पटर किती मागे नेला यावर तो ठरायला हवा. लंबकाच्या घड्याळात लंबक थोडा झुलला काय किंवा जास्त झुलला काय, एका फेरीला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. पटरचेही तसेच व्हायला हवे : लहान पटाला छोटा झोका, लांब पटाला मोठा झोका, पण ताल एकच. चांगल्या खेळाडूंच्या पटरला मागे जायला लागणारा वेळ हा तिथून बॉलपर्यंत यायला लागणाऱ्या वेळेच्या साधारण दुप्पट असतो. मनातल्या मनात ‘एक-दोन’ म्हणत मागे आणि ‘तीन’ला बॉल, असे मोजले तरी पुरते. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे पटर हवा त्यापेक्षा लांब मागे नेणे आणि मग घाबरून बॉलजवळ वेग कमी करणे. त्यात पटरचे तोंड, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, डळमळते, म्हणजे अंतर तर जातेच, वर दिशाही जाते. पटर कमी मागे न्या, पण बॉलला लागून पुढे जाताना तो थांबू देऊ नका.

आता उभे राहण्याची रीत. इथे मी मुद्दाम थोडक्यात सांगतो, कारण पटिंगमध्ये उभे राहण्याच्या पद्धतींना फारसा अंत नाही आणि वेगवेगळ्या ढंगांनी खेळून लोकांनी मोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत. तरी चार गोष्टी सांभाळाव्यात. पाय खांद्यांच्या रुंदीइतके, वजन दोन्ही पायांवर सारखे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल पायांच्या मध्यापेक्षा किंचित डावीकडे असावा, म्हणजे झोका वर येऊ लागतानाच बॉलला लागतो. डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा थोडे आतल्या बाजूला. हे तपासायला दुसरा बॉल नाकाच्या दांडीजवळ धरून सोडून द्यावा आणि तो कुठे पडतो ते पाहावे. आणि पकड सैल, चष्म्याची काच पुसताना तो जितक्या बेताने धरतो तितकीच. पटरची दांडी बोटांपेक्षा तळव्याच्या रेषेत बसवावी आणि दोन्ही अंगठे ग्रिपच्या सपाट बाजूवर खाली रोखलेले असावेत, म्हणजे मनगटे आपोआप शांत होतात. मनगट तरीही वळत असेल, तर डावा हात खाली आणि उजवा वर अशी उलटी पकड करून पाहायला हरकत नाही. त्यात कमीपणा काही नाही. फक्त पटरचे वरचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवून खेळू नये. १ जानेवारी २०१६ पासून तशा फटक्याला नियमाने बंदी आहे.

अंतर थोडे ताब्यात आले की मगच दिशेकडे वळावे, आणि तेही तीन फुटांपासून. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. बॉलचा व्यास १.६८ इंचांपेक्षा कमी चालत नाही. याचा अर्थ दोन बॉल शेजारी ठेवले तरी होलमध्ये जागा उरते. सपाट जागेवर, हळू चालणाऱ्या बॉलसाठी, तीन फुटांवरून तुम्हाला दोन्ही बाजूंना जवळजवळ साडेतीन अंशांची मुभा असते. दहा फुटांवर ती एक अंशावर येते, आणि तीस फुटांवर अंशाच्या एक तृतीयांशावर. म्हणून दिशेचा सराव जवळून करायचा असतो, जिथे मेहनतीचे फळ दिसते. बॉल कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यतः पटरचे तोंड त्या क्षणी कुठे पाहते आहे यावर ठरते, पटरचा झोका सरळ आला की किंचित कमानीत आला याचा वाटा त्या मानाने बराच कमी असतो. ‘झोका सरळ रेषेत ठेवा’ म्हणून विद्यार्थ्यांचे खांदे आखडवणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि सुरुवातीला मीही त्यांतलाच एक होतो. पटर शरीराच्या बाजूला धरलेला असतो, तेव्हा तो थोडा कमानीत जाणारच. त्याला जाऊ द्यावे.

तोंड तपासायला दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) पुरतात. बॉलच्या पुढे एक फुटावर, दोन टी जमिनीत अशा रोवा की त्यांतून बॉल जेमतेम जाईल, बाजूंना बोटभर जागा सोडून. तीन फुटांच्या सरळ पटाला बॉल या दारातून गेला आणि होलमध्ये पडला तर तोंड सरळ होते. सलग दहा गेले की दार पुढे सरकवा किंवा होलपासूनचे अंतर एक फुटाने वाढवा. घरी हाच सराव स्टीलच्या मोजपट्टीवर करता येतो : पट्टी जमिनीवर ठेवायची, तिच्या एका टोकावर बॉल ठेवून पट मारायचा आणि बॉल खाली न घसरता पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो का ते पाहायचे. फरशीच्या सांध्यांच्या सरळ रेषा पटरचे तोंड जुळवायला उत्तम असतात. आपल्याकडच्या घरांत गालिचापेक्षा फरशी जास्त, तर तिचा हा उपयोग करून घ्यावा. फक्त फरशीवर अंतराचा सराव करू नये. तिथे बॉल फार पळतो आणि हाताला खोटी सवय लागते.

छोट्या पटात एक पथ्य कसोशीने पाळावे : बॉल निघून गेल्यावरही मान वर करू नये. डोके वर आले की डावा खांदा उघडतो आणि पटरचे तोंड त्याच्या मागोमाग फिरते. मी विद्यार्थ्यांना बॉलच्या जागी गवताचे कोणते पाते होते ते विचारतो; सांगता आले नाही तर तो पट, बॉल होलमध्ये पडला असला तरी, पुन्हा मारायला लावतो.

आता ग्रीन वाचणे, म्हणजे उतार ओळखून बॉल कुठे वळेल याचा अंदाज घेणे. नवशिक्याला वाटते की हे जाणकाराचे काही गूढ शास्त्र आहे. शेतावर वाढलेल्या माणसाला ते निम्मे आधीच येते. ग्रीनवर बादलीभर पाणी ओतले तर ते कुठे वाहील, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. ग्रीन बांधताना पावसाचे पाणी निघून जाण्याची सोय केलेली असते, त्यामुळे प्रत्येक ग्रीनला एक किंवा दोन सखल तोंडे असतातच. ती ग्रीनवर उभे राहून नीट दिसत नाहीत. फेअरवेवरून, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, चालत येताना, तीस-चाळीस यार्डांवरून, सगळ्या ग्रीनचा कल एका नजरेत दिसतो. म्हणून वाचन ग्रीनवर चढण्यापूर्वीच सुरू करावे. मग बॉल आणि होल यांच्या मधल्या भागाला खालच्या बाजूने वळसा घालून चालत जावे. खालून पाहिले की उतार डोळ्यासमोर उघडतो, वरून पाहिले की तो सपाट भासतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते तळपायांना कळते. दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन क्षणभर थांबले की कोणता पाय खाली आहे ते जाणवते.

बॉल वळतो तो मुख्यतः शेवटी. सुरुवातीला वेग असतो तेव्हा उतार त्याला फारसे ओढू शकत नाही. वेग मंदावला की तोच उतार त्याला बाजूला नेतो. म्हणून होलभोवतीचे शेवटचे तीन-चार फूट सर्वांत काळजीपूर्वक पाहावेत, बॉलजवळचे त्या मानाने कमी पाहिले तरी चालतात. इथेच अंतर आणि दिशा यांचे नाते उघड होते. जोर किती देणार हे ठरल्याशिवाय बॉल किती वळेल हे सांगताच येत नाही. उताराच्या एकाच पटाला जोरात मारणाऱ्याने होलच्या कडेवर रोखावे लागेल आणि हळू मारणाऱ्याने त्याच्या फूटभर वर. कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा सोबती, तुम्हाला ‘सर, एक कप राईट’ (होलच्या एका रुंदीइतके उजवीकडे) म्हणून सांगतो, तेव्हा तो मनात विशिष्ट जोर धरूनच सांगत असतो, आणि तुम्ही तो जोर दिला नाही तर त्याचे वाचन चुकले असे म्हणण्यात अर्थ नाही. कोर्सवरच्या जुन्या कॅडींना प्रत्येक ग्रीनची खोड ठाऊक असते. त्यांना ‘किती वळेल?’ एवढेच विचारण्याऐवजी ‘होलच्या पुढे फूटभर जाईल एवढ्या जोरात मारणार आहे, कुठे रोखू?’ असे विचारून पाहा, उत्तर जास्त उपयोगी मिळते.

मग आदर्श जोर कोणता? होल चुकल्यास बॉल सुमारे १७ इंच पुढे जाऊन थांबावा, असे नासातली नोकरी सोडून गोल्फच्या अभ्यासाला लागलेले डेव्ह पेल्झ सांगत असत. नवशिक्याने एक ते दीड फूट धरावे. बॉल अलीकडे राहिला तर तो पडण्याची शक्यता शून्य, हे खरेच आहे. पण ‘होलच्या मागच्या भिंतीवर ठोका’ हा सल्ला मला पटत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले आहे. अगदी मध्यावर आलेला बॉल सेकंदाला साधारण १.६ मीटर वेगापर्यंत होलमध्ये पडू शकतो; मध्यम गतीच्या ग्रीनवर तेवढा वेग म्हणजे होल नसते तर बॉल सहा-आठ फूट पुढे गेला असता. पण बॉल मध्यापासून जरा बाजूला असेल तर तेवढ्या वेगात तो कडेला लागून बाहेर फिरतो. जोर जितका जास्त, तितके होल तुमच्यासाठी अरुंद होत जाते. हळू आलेल्या बॉलसाठी सव्वाचार इंचांचे होल पूर्ण उघडे असते.

उताराच्या बाबतीत एक गोष्ट अनुभवाने सांगतो : तुम्हाला जेवढे वळण दिसते आहे, ते बहुधा कमी आहे. मी विद्यार्थ्यांचे चुकलेले पट मोजतो तेव्हा त्यांतले बहुतेक होलच्या खालच्या बाजूने गेलेले असतात. खालच्या बाजूने चुकलेला बॉल होलपासून दूर दूर जातो, वरच्या बाजूने चुकलेला निदान होलकडे वळत असतो. म्हणून शंका असेल तर थोडे वर रोखावे. शिवाय चढाच्या पटापेक्षा उताराचा पट जास्त वळतो, कारण त्यावर बॉल हळू मारावा लागतो आणि तो जास्त वेळ मंद गतीने चालतो.

आपल्या ग्रीनचे गवत हा वेगळा विषय आहे आणि परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. थंड हवेच्या देशांत ग्रीनवर बहुधा बेंट जातीचे गवत असते. आपल्याकडच्या उष्ण हवेत पिढ्यानपिढ्या बर्म्युडा गवताचे संकर लावले जातात, आणि हे बर्म्युडा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचे कूळ. हरळी कशी जमिनीला लोळत पसरते ते तुम्ही बांधावर पाहिले असेल. ग्रीनवर ती कितीही बारीक कापली तरी तिचा तो स्वभाव जात नाही. पाती एका दिशेला कललेली राहतात. यालाच ग्रेन म्हणतात. गवत तुमच्यापासून दूर कललेले असेल तर पृष्ठभाग चकचकीत, फिकट दिसतो आणि बॉल वेगाने पळतो. तुमच्याकडे कललेले असेल तर ते गडद दिसते आणि बॉल अडतो. आडवे असेल तर सपाट जागेवरही बॉल किंचित बाजूला सरकतो. पाहून कळले नाही तर होलची कड पाहावी : ज्या बाजूची कड विस्कटलेली, वाळकी दिसते त्या बाजूला गवत कललेले असते. हाताने गवत घासून किंवा बॉल घरंगळवून पाहणे मात्र फेरी चालू असताना नियमात बसत नाही.

ग्रीनची गती दिवसागणिक बदलते, हेही लक्षात असू द्यावे. गती मोजायला स्टिंपमीटर नावाची एक साधी खाच असलेली पट्टी वापरतात. मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड स्टिंपसन यांनी ती १९३५ मध्ये बनवली आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७८ पासून सुधारित रूपात कोर्सना दिली. पट्टी तिरकी केली की खाचेतला बॉल सुटतो आणि तो जितके फूट चालतो तितकी ग्रीनची गती. पुण्या-मुंबईकडे जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीन ओले आणि गवत वाढलेले असते, तेव्हा हाच आकडा खाली येतो. फेब्रुवारीत तेच ग्रीन तुम्हाला ओळखू येणार नाही. एकाच दिवसात सकाळी सहाला दव असते आणि दहा वाजता ते वाळलेले असते. म्हणून फेरीपूर्वी दहा मिनिटे प्रॅक्टिस ग्रीनवर काढावीत, आणि त्या दहा मिनिटांत तीन फुटांचे पट घालत बसण्याऐवजी तीस-चाळीस फुटांचे लांब पट मारावेत, आजची गती हातात भरून घ्यावी. दवाचा एक फायदाही आहे. पहाटेच्या ग्रीनवर बॉल गेला की त्याची वाट दवावर उमटते आणि तो नेमका कुठून वळला ते रेघेसारखे समोर दिसते. उतार शिकायला याहून चांगला फळा मला माहीत नाही.

आता पटरविषयी. पटर ३३ ते ३५ इंच लांबीचा असतो आणि त्याच्या तोंडाला तीन-चार अंशांचा कल असतो, जेणेकरून गवतात किंचित रुतलेला बॉल उचलून पुढे लोटला जावा. तुमचा पटर तुमच्या उंचीला साजेसा असेल, जमिनीवर ठेवल्यावर त्याचे टोक किंवा टाच वर उचलली जात नसेल, तर तो पुरेसा आहे. आज दुकानांत दिसणाऱ्या कितीतरी पटरांचा आकार कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६६ मध्ये आणलेल्या ‘पिंग अ‍ॅन्सर’वरूनच आलेला आहे, म्हणजे गेल्या सहा दशकांत मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. तुमची अडचण अंतराची आहे, आणि नव्या पटरने ती उलट वाढेल. पटरच्या डोक्याचे वजन बदलले की हाताने शिकलेला जोर पुन्हा शिकावा लागतो. सहा महिने याच पटरने खेळा. त्यानंतरही तीन-चार फुटांचे पट सातत्याने एकाच बाजूला चुकत असतील तर शिक्षकाकडून पटरची लांबी आणि तोल तपासून घ्या.

आठवड्याला दीड तास ग्रीनवर देता येत असेल तर तासभर अंतराला आणि अर्धा तास तीन ते सहा फुटांना द्यावा. सरावाच्या शेवटी एकच बॉल घेऊन नऊ वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येक वेळी होलमध्ये जाईपर्यंत, खेळावे आणि एकूण पट मोजावेत. तीन बॉल एकाच जागेवरून मारत बसणे हा सराव नव्हे, कारण कोर्सवर तुम्हाला दुसरा बॉल कोणी देत नाही. पहिल्या महिन्यात नऊ जागांना वीसच्या आत आलात तर चांगली प्रगती समजा.

ग्रीनवरच्या वागणुकीचेही दोन शब्द, कारण नवशिक्याचा बराचसा गोंधळ त्या धास्तीतून होतो. बॉल उचलण्यापूर्वी त्यामागे मार्कर ठेवा, दुसऱ्याच्या बॉल आणि होलमधल्या वाटेवर पाय देऊ नका, बॉल पडल्याने झालेला खळगा दुरुस्त करा. २०१९ च्या नियमांपासून बुटांच्या खिळ्यांच्या खुणाही दुरुस्त करता येतात, झेंड्याची काठी होलमध्ये ठेवून पट मारता येतो, आणि ग्रीनवर चुकून बॉल हलला तर दंड न होता तो मूळ जागी ठेवता येतो. मात्र एकूण फटके मोजल्या जाणाऱ्या स्पर्धेत तुमचा पट ग्रीनवरच्या दुसऱ्याच्या बॉलला लागला तर तुम्हाला दोन फटक्यांचा दंड आहे, तेव्हा आडवा येणारा बॉल आधी मार्क करायला सांगावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. आणि बॉल होलच्या काठावर लोंबकळत थांबला तर चालत जाऊन पोहोचल्यावर दहा सेकंद वाट पाहण्याची परवानगी आहे. ती जरूर घ्यावी.

पुढच्या फेरीपासून स्कोअरकार्डावर पटांच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा लिहायला लागा : पहिल्या पटानंतर बॉल होलपासून किती फूट उरला. काटेकोर मोजायची गरज नाही, पावलांनी अंदाज घेतला तरी पुरे. चार-पाच फेऱ्यांचे कार्ड जमले की मला पाठवा. तुमचे थ्री-पट अलीकडे राहिलेल्या बॉलमुळे होतात की पुढे गेलेल्या, हे त्यावरून कळेल, आणि त्यानुसार सराव ठरवता येईल.